अनोळखी माणसाला ‘भावा’, ‘मामा’, ‘मावशी’ म्हणणे : आपुलकी की पायरी दाखवणे?

बदलीने_आलेला

नोकरीतील बदलीमुळे नागपूरहून कोल्हापुरात राहायला आल्यापासून मला एका गोष्टीचे कुतूहल वाटत आले आहे आणि अलीकडे त्या कुतूहलात थोडी अस्वस्थताही मिसळली आहे, म्हणून हा धागा काढत आहे. येथे अनोळखी माणसाशी कोणी नुसते बोलत नाही. आधी त्याला काहीतरी म्हणतो आणि मग बोलतो. बिंदू चौकात पत्ता विचारला तर सांगणारा ‘भावा’ अशी सुरुवात करतो, महाद्वार रोडवरचा कापड दुकानदार ‘मालक’ म्हणून हाक मारतो, गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला उभे राहिले की ‘काय पाव्हणं, कुठलं म्हणायचं?’ अशी चौकशी होते. नागपुरातही आम्ही अनोळखी माणसाला ‘भाऊ’ म्हणतो, परंतु तेथे त्या शब्दाकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. येथे मात्र हाकेवरून समोरच्याने आपल्याला कोठे बसवले आहे हे कळते, असे मला वाटू लागले आहे.

माझे केस पिकलेले आहेत. विशीतला मुलगा मला ‘भावा’ म्हणतो तेव्हा मला राग येत नाही, पण काय वाटायला हवे हेही उमगत नाही. उलट माझ्याच कार्यालयातील एक सहकारी खेड्यातून आलेल्या प्रत्येक वयस्क ग्राहकाला ‘मामा’ म्हणतो, अतिशय गोड आवाजात म्हणतो, आणि ते ऐकताना मला संकोच होतो. दोन्ही शब्द आपुलकीचेच आहेत. मग एक मोकळा का वाटतो आणि दुसरा का खुपतो? ‘मला आवडते’ किंवा ‘मला आवडत नाही’ एवढ्यावर न थांबता, रेषा नेमकी कोठे ओढावी याविषयी लिहावे, ही विनंती.

खरडा_भाकरी

पेठेत जन्मलेला आणि पेठेतच वाढलेला माणूस या नात्याने सांगतो की ‘भावा’ या हाकेत वयाचा हिशेब नसतो, त्यामुळे तुम्ही केसांचा विचार सोडून द्यावा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना चालू असताना शेजारी कोण बसले आहे हे कोणी विचारत नाही. गोल हुकला की त्याच्या मांडीवर थाप मारून ‘बघितलंस का भावा?’ असे म्हटले जाते आणि तो माणूस डॉक्टर असो वा हमाल, तोही तशाच आवाजात उत्तर देतो. शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या खासबाग मैदानात कुस्ती पाहतानाही हेच होते. उतारावर, मातीत, खांद्याला खांदा लावून बसल्यावर ‘आपण’ आणि ‘महोदय’ हे शब्द तोंडातून निघणारच नाहीत.

टोपणनावांचेही तसेच आहे. आमच्याकडे पेठेतील निम्म्या लोकांची पाळण्यातील नावे शेजाऱ्यांनाही ठाऊक नसतात. वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर खऱ्या नावापेक्षा टोपणनाव मोठ्या अक्षरात असते, आणि दुर्दैवाने श्रद्धांजलीच्या फलकावरही तेच छापावे लागते, कारण नाहीतर कोण गेले हे लोकांना कळत नाही. बारक्या, काळ्या, टकल्या ही नावे परगावच्या माणसाला अपमानकारक वाटतील. पण ज्याला पेठेने नाव दिले नाही तो पेठेचा झालाच नाही, असे आम्ही मानतो. ज्याला हाक खुपते त्याने आधी इथली जीभ समजून घ्यावी.

एवढे मात्र मान्य करतो की काडीसारख्या मुलाला ‘पैलवान’ म्हणणे ही आपुलकी नाही, टिंगल आहे, आणि ती आम्ही भरपूर करतो.

ऊसपट्टा

खरडा_भाकरी यांनी वर्णन केलेली हाक बरोबरीच्या लोकांमधली आहे, म्हणून ती गोड वाटते. धागाकर्त्याला खुपलेली हाक वेगळी आहे, आणि मी ती घरात ऐकलेली आहे.

माझे वडील शेवटपर्यंत धोतर आणि टोपी घालत असत. जमिनीच्या कागदांसाठी एका कार्यालयात ते गेले की खिडकीमागचा तरुण त्यांना ‘मामा, तिकडं थांबा, साहेब जेवायला गेल्यात’ असे सांगत असे. त्याच कागदासाठी, त्याच खिडकीवर, मी पॅंट-शर्ट घालून आणि खिशाला पेन लावून गेलो की ‘सर, बसा, दोन मिनिटं’ असे ऐकू येत असे. जमीन वडिलांच्या नावावर होती आणि काम वडिलांचे होते. बदलले होते ते केवळ कपडे. ‘मामा’ हा शब्द वाईट नाही, हे मला मान्य आहे. आमच्या घरी मामा आला की कोंबडे कापले जाते. परंतु त्या खिडकीवर ‘मामा’ याचा अर्थ ‘ज्याला थांबवून ठेवले तरी चालते असा माणूस’ एवढाच होता, आणि तो गोड आवाजात सांगितला जात असल्यामुळे वडिलांना तक्रार करण्याचीही सोय नव्हती. ‘ए म्हाताऱ्या’ म्हटले असते तर निदान भांडता आले असते.

माझी कसोटी सोपी आहे. ज्याला हाक मारली तो तशीच हाक परत मारू शकतो का, हे पाहावे. ‘भावा’ला ‘भावा’ म्हणून उत्तर देता येते. वडिलांनी त्या कारकुनाला ‘व्हय रं भाच्या’ असे उत्तर दिले असते तर काय झाले असते, याची आपणच कल्पना करावी.

निपाणीचा_शेजारी

मी नामाकडे फारसे पाहत नाही, क्रियापदाकडे पाहतो. ‘मामा, बसा’ आणि ‘मामा, बस तिकडं’ यांत नाते तेच आहे, पण पहिल्यात आदर टिकतो आणि दुसऱ्यात तो गळून पडतो. आमच्या सीमाभागात अनोळखी पुरुषाला आण्णा आणि स्त्रीला अक्का म्हणण्याची रीत मराठी आणि कानडी अशा दोन्ही बोलणाऱ्यांत आहे, आणि ती बहुतेक वेळा आदरार्थी क्रियापदासह येते, म्हणून तिच्याविषयी वाद झालेला मी पाहिलेला नाही.

मुक्काम_राजारामपुरी

क्रियापदाचा मुद्दा योग्य आहे, परंतु स्त्रियांच्या बाबतीत तो तितकासा उपयोगी पडत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच घरात आहे. आपल्याकडील बहुतेक घरांत वडिलांना, काकांना, आजोबांना ‘अहो’ म्हटले जाते, तर आई, मावशी, आत्या आणि आजी यांना ‘अगं’ आणि ‘तू’. आईला ‘तू’ म्हणण्यात जिव्हाळा आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु याचा परिणाम असा होतो की घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईला ‘मावशी’ म्हटले की तिच्यासाठी ‘तू’ आपोआप मंजूर होते, आणि ते मंजूर करताना आपण तिला घरच्यासारखे वागवत आहोत असे समाधानही मिळते. त्याच घरी नळ दुरुस्त करायला येणारा पुरुष, वयाने लहान असला तरी, ‘अहो दादा’ असतो. आपल्या घरच्या मावशीला आपण वाकून नमस्कार करतो आणि पंगतीत बसवतो, पण या मावशीचा कप वेगळा ठेवलेला असतो. नाते उधार घ्यायचे आणि त्या नात्याची देणी मात्र द्यायची नाहीत, हा व्यवहार मला पटत नाही.

याच्या अगदी उलट अनुभव कपिलतीर्थ मंडईत येतो. तेथे भाजी विकणारी बाई मला ‘घे की गं, सकाळचीच हाय मेथी’ असे सुनावते आणि मी तिला ‘मावशी, जरा नीट सांग की’ असे म्हणते. दोघीही ‘तू’ म्हणतो, दोघीही दरावरून भांडतो आणि दोघींपैकी कोणालाही कमीपणा वाटत नाही. ऊसपट्टा यांची कसोटी येथे पूर्णपणे लागू पडते.

आणखी एक गोष्ट पुरुष सदस्यांच्या लक्षात आली नसावी म्हणून लिहिते. ‘ताई’ आणि ‘वहिनी’ या दोन हाका आम्हाला सारख्या वाटत नाहीत. ‘ताई’ म्हणणारा माझ्याशी बोलत असतो. ‘वहिनी’ म्हणणारा माझ्या गळ्याकडे एक नजर टाकून मगच बोललेला असतो. आणि पस्तिशीतल्या स्त्रीला ‘काकू’ म्हणणाऱ्या महाविद्यालयीन मुलांविषयी मी येथे काहीही लिहीत नाही, कारण धागा सभ्य राहावा अशी माझी इच्छा आहे.

वाचनवेडा

ऊसपट्टा यांनी सांगितलेली कसोटी भाषाशास्त्रात चांगलीच परिचित आहे. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी 1960 मध्ये युरोपीय भाषांतील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्या वापरावर एक निबंध लिहिला होता, आणि त्यात सत्ता व सलगी अशा दोन अक्षांवर त्यांनी संबोधनांची मांडणी केली होती. दोन माणसे एकमेकांना ‘तू’ म्हणत असतील तर ती सलगी असते. एक ‘तू’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘तुम्ही’च म्हणावे लागते, तेव्हा ती सत्ता असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील रेल्वेचे आहे. जॉर्ज पुलमन यांच्या कंपनीच्या शयनयानांत प्रवाशांची सेवा करणारे बहुतेक पोर्टर कृष्णवर्णीय होते, आणि सुरुवातीच्या पिढीतील अनेकजण गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले होते. प्रवासी त्या प्रत्येकाला ‘जॉर्ज’ अशी हाक मारत असत, जसे पूर्वी गुलामाला मालकाच्या नावाने ओळखत. प्रवाशांच्या दृष्टीने ती मोकळी, हसतखेळत मारलेली हाक होती. पुढे 1914 मध्ये या प्रथेविरुद्ध एक संघटना निघाली, पण ती पोर्टरांची नव्हती. ती मुख्यतः जॉर्ज नावाच्या गोऱ्या गृहस्थांनी, आपले नाव पोर्टरांना लावले जाते याचा त्रास होऊन, अर्धवट विनोदाने काढलेली होती. अखेरीस डब्यात पोर्टरच्या खऱ्या नावाची पाटी लावण्याची व्यवस्था झाली, आणि तेव्हा असे आढळले की सुमारे 12,000 कर्मचाऱ्यांपैकी केवळ 362 जणांचे नाव खरोखर जॉर्ज होते.

आपल्या चहाच्या टपरीवरील ‘छोटू’ किंवा कोल्हापुरी ‘बारक्या’ यांच्याकडे या दृष्टीने पाहावे. बालकामगार कायद्यातील 2016 च्या दुरुस्तीनंतर, घरच्या उद्योगातील शाळेबाहेरच्या वेळेची मदत आणि तत्सम काही अपवाद सोडले तर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. तरीही एखाद्या टपरीवर ‘बारक्या, दोन कटिंग’ अशी हाक सहज ऐकू येते. खरडा_भाकरी यांच्या पेठेतील बारक्या आणि हा बारक्या यांत फरक असा की पेठेतल्याचे खरे नाव कोणी विचारले तर सांगणारे चार लोक असतात.

खरडा_भाकरी

वाचनवेडा, अमेरिका कशाला हवी? तालमीत वस्ताद पोरांना काय वाटेल त्या नावाने हाक मारतात आणि पोरगा वस्तादांना फक्त ‘वस्ताद’ म्हणतो. उलट हाक मारण्याची सोय त्याला नसते. तुमच्या कसोटीने हा अपमान ठरेल. परंतु तालमीतल्या कोणालाही विचारा, वस्तादांनी ज्या दिवशी पूर्ण नावाने हाक मारली त्या दिवशी पोराला घाम फुटतो.

ऊसपट्टा

वस्ताद अनोळखी नसतात. ते पोराला दूध-बदाम मिळतात की नाही हे पाहतात, जखम झाली तर रात्री दवाखान्यात बसतात. मुक्काम_राजारामपुरी यांनी म्हटलेली देणी ते देतात, म्हणून त्यांची हाक चालते. खिडकीमागच्या माणसाने माझ्या वडिलांसाठी काय केले होते?

वेशीबाहेरचा

बराच वेळ हा धागा वाचत होतो. आता एक बाजू लिहितो जी अद्याप कोणी मांडलेली नाही.

आमच्या आजोबांना गावातील शाळकरी पोरेसुद्धा नावापुढे ‘या’ लावून हाक मारत असत आणि आजोबा त्या पोरांना ‘जी’ म्हणून उत्तर देत असत. दलित वस्तीतल्या सत्तरीच्या माणसाचेही नाव गावाच्या तोंडी कधी पूर्ण उच्चारले गेले नाही. दलित आत्मकथनांतून हे पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे येथे अधिक तपशील देत नाही. सांगायचे एवढेच की पेठेतील मित्राला ‘बाळ्या’ म्हणणे आणि अनोळखी माणसाचे नाव ऐकताक्षणी त्याला ‘या’ लावणे यांत आम्हाला जे अंतर दिसते ते बहुतेकांना दिसणार नाही.

पण त्याच कारणाने माझे मत अनेकांना उलटे वाटेल. धागाकर्त्याला विशीतल्या मुलाचे ‘भावा’ बुचकळ्यात टाकते, आणि मला तीच कोल्हापूरची सर्वांत चांगली हाक वाटते. ‘भावा’ म्हणणारा पुढे काही विचारत नाही. ‘काय पाव्हणं, कुठलं म्हणायचं?’ हा प्रश्न मात्र गावावर थांबत नाही. गाव कळले की आडनाव विचारले जाते, आडनावावरून उलगडा झाला नाही तर ‘म्हणजे कुणापैकी?’ असे विचारतात, आणि उत्तर मिळाल्यावर आवाजात जो किंचित बदल होतो तो ओळखायला आम्ही लहानपणीच शिकलेलो असतो. धागाकर्त्याला ही चौकशी निव्वळ आतिथ्याची वाटली असेल आणि पुष्कळदा ती तशीच असते, हे मी नाकारत नाही.

याच शहरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला चहाचे दुकान काढून दिले आणि लोकांनी बघावे म्हणून ते स्वतः तेथे थांबून चहा घेत असत. छत्रपतींनी तेथे कोणत्या शब्दाने हाक मारली, यापेक्षा त्यांनी कप हातात घेतला याला लोकांच्या दृष्टीने अर्थ होता. म्हणून नुसत्या हाकेवरून आपुलकी मोजण्यास मी तयार नाही, पण हाक मारण्यापूर्वी माझी जात विचारली गेली की नाही, हे मी नक्की मोजतो.

भट्टी_आणि_साचा

उद्यमनगर आणि शिरोलीच्या फौंड्रीत उत्तर भारतातून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांना सगळेजण ‘भैया’ म्हणतात. हिंदीत तो थोरल्या भावाला लावायचा मानाचा शब्द आहे. आमच्या शॉपमध्ये मात्र ‘तीन भैये लावा त्या लाईनला’ अशी भाषा चालते, म्हणजे तो हाक राहिलेला नाही, मोजण्याचे एकक झाला आहे. मी पर्यवेक्षक असल्यामुळे नावे पाठ करण्याचा आग्रह धरतो, आणि त्यामागे थोरपणा नसून सोय आहे: ओतकाम चालू असताना ‘ए भैया, सरक’ असे ओरडले तर पाचजण वळतात आणि ज्याने सरकायला हवे तो उभाच राहतो.

बदलीने_आलेला

इतक्या विचारपूर्वक लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. वेशीबाहेरचा यांनी ‘पाव्हणं’विषयी लिहिलेले वाचून मी थबकलो, कारण मला गाव विचारले जाते, मी ‘नागपूर’ म्हणतो, आणि चौकशी तेथेच संपते. ती का संपते याचा मी कधी विचार केला नव्हता. ‘मामा’ म्हणणाऱ्या सहकाऱ्याला मी काय सांगावे, हा प्रश्न मात्र उरतोच. त्याच्या मनात खोट नाही. ‘मामा म्हणू नकोस’ असे सांगितले तर तो सर्वांना कोरडेपणाने ‘पुढचा’ म्हणू लागेल आणि खेड्यातून आलेल्या माणसाला ते अधिक परके वाटेल, अशी मला भीती वाटते.

ऊसपट्टा

त्याला ‘मामा’ म्हणू द्या. फक्त मामांना खुर्ची द्यायला सांगा, आणि रांगेत जो आधी आला त्याचे काम आधी करायला सांगा.

रात्रपाळी

मी एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि आमच्याकडे हा प्रश्न रोज असतो. परिचारिका ‘सिस्टर’, आया ‘मावशी’, वॉर्डबॉय ‘मामा’ आणि साठीपुढचा प्रत्येक रुग्ण ‘आजी’ किंवा ‘आजोबा’. शेवटच्या हाकेबद्दल आधी लिहिते, कारण तिथे चांगल्या हेतूने सर्वांत अधिक चूक होते. निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या रुग्णाला ‘आज्जी, आ कर बघू, शहाणी ना तू’ असे म्हटले जाते, आणि त्यांनी तोंड घट्ट मिटले की त्या हट्टी ठरतात. वृद्धांशी लहान मुलाप्रमाणे बोलण्याला इंग्रजीत एल्डरस्पीक म्हणतात, आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर परदेशात झालेल्या अभ्यासातही असे आढळले आहे की या बोलण्यामुळे रुग्ण शुश्रूषेला अधिक विरोध करतात. मी आता नवीन मुलींना एवढेच सांगते की पहिल्या दिवशी रुग्णालाच विचारा, ‘तुम्हाला काय म्हणू?’ बहुतेकजण ‘आजीच म्हण’ असे सांगतात. क्वचित कोणीतरी ‘बाई म्हण, मला सगळे बाईच म्हणतात’ असे सांगते, आणि मग त्यांचे औषध घेणे सोपे होते.

आयांच्या बाबतीत आमच्याकडे वर्षभरापूर्वी नावाच्या पट्ट्या आल्या आणि त्यांना नावाने व ‘ताई’ लावून हाक मारावी, असे ठरले. वाचनवेडा यांच्या पोर्टरांप्रमाणे सगळ्यांना आनंद होईल, अशी आमची समजूत होती. तरुण आयांना तो झालाही. सर्वांत जुन्या आया मात्र पट्टी खिशात ठेवतात. त्यांचे म्हणणे असे की रात्री दोन वाजता रुग्णाच्या नातेवाइकांना ‘बाहेर व्हा’ असे सांगायचे असते तेव्हा ‘मावशी’चे ऐकले जाते, ताईचे कोणी ऐकत नाही, म्हणून रुग्णांनी आणि नातेवाइकांनी त्यांना मावशीच म्हणावे. डॉक्टरांनी मात्र पट्टीवरचे नाव घ्यावे, असा त्यांचा आग्रह आहे. आमच्या नवीन निवासी डॉक्टरांपैकी दोघे ते घेतात. बाकीच्यांना पट्टी दिसतच नाही, कारण ती खिशात असते, आणि ती बाहेर लावायला त्या तयार नाहीत.